∈ हे चिन्ह वर्डमध्ये, मोबाइलवर आणि प्रेसमध्ये नीट कसं उमटवायचं?

आधी प्रश्न थोडक्यात. वडोदऱ्यात, दांडिया बाजारात अकरावीच्या गणिताची शिकवणी आहे. ‘संच’ प्रकरणाच्या नोट्स मराठी आणि गुजराती अशा दोन्ही भाषांत वर्डमध्ये तयार होतात. घरच्या संगणकावर ∈ (‘या संचाचा घटक आहे’ हे चिन्ह) बरोबर दिसतं. रावपुऱ्यातल्या प्रेसमध्ये फाइल उघडली की काही ठिकाणी त्याच जागी चौकोन येतो. प्रश्नपेढी एक्सेलमध्ये आहे, तिची सीएसव्ही (साध्या मजकुराची फाइल) केली की प्रश्नचिन्ह येतं. मुलांच्या मोबाइलवरच्या मेसेजमध्ये युरोसारखं काहीतरी फिरतंय. आणि ज्या ओळीत ∈ येतं ती ओळ खालच्या ओळीपासून उगाच लांब पडते.

सर, या चार तक्रारींची कारणं चार आहेत. सगळ्यांवर एकच उपाय शोधायला गेलात तर फाँट बदलत बसाल आणि हाती काही लागणार नाही. काय दिसतंय त्यावरून बिघाड कुठे आहे ते ओळखता येतं. रिकामा चौकोन दिसला तर अक्षर बहुतेक शाबूत असतं, फक्त त्या फाँटमध्ये त्याचा आकार नसतो. प्रश्नचिन्ह दिसलं तर अक्षर साठवतानाच गेलं, ते आता कुठल्याही फाँटने परत येणार नाही. डोक्यावर टोपी असलेला इंग्रजी ए आणि त्यामागे दोन सुट्या टोप्या दिसल्या तर अक्षर आहे, पण वाचणारा प्रोग्रॅम ते चुकीच्या पद्धतीने वाचतोय. हे शेवटचं इतकं नेमकं सांगता येतं, कारण यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत ∈ तीन बाइटचं असतं: ई२, ८८, ८८. विंडोजच्या जुन्या पाश्चात्त्य कोडमध्ये ई२ म्हणजे टोपीवाला ए आणि ८८ म्हणजे नुसती टोपी. म्हणून एक ए, दोन टोप्या. असं दिसलं तर फाइलमध्ये काही दुरुस्त करायला जाऊ नका, ती यूटीएफ-८ म्हणून पुन्हा उघडा. बिघडलेली फाइल तशीच सेव्ह केलीत तर मात्र टोप्या कायमच्या बसतात.

आता मूळ अक्षर. तुम्हाला हवं ते यू+२२०८ (युनिकोड या जागतिक अक्षरयादीतला सोळामान क्रमांक), दशमानात ८७१२. युनिकोडच्या २२००पासून सुरू होणाऱ्या गणिती चिन्हांच्या पट्ट्यात ते आहे आणि १९९३च्या १.१ आवृत्तीपासून त्याच जागी आहे. त्यामुळे ‘संगणक जुना आहे म्हणून येत नाही’ हे कारण सहसा खरं नसतं. शेजारीच यू+२२०९ म्हणजे ∉, २२०बी म्हणजे उलट तोंडाचं ∋, आणि २२०५ म्हणजे रिक्त संचाचं ∅. या घरातच एक तोतया आहे: यू+२२०ए, ∊. तेही ‘घटक आहे’ याच अर्थाचं, पण आकाराने लहान. चिन्हांच्या खिडकीत दोन्ही जवळजवळ दिसतात, घाईत चुकीचं उचललं जातं, आणि मग शोधा-बदला चालवलं की अर्धीच चिन्हं सापडतात.

बाहेरचे तोतये आणखी आहेत. ग्रीक एप्सिलॉनची दोन रूपं (०३बी५ आणि ०३एफ५), सिरिलिक लिपीतलं युक्रेनियन गोल ई (०४५४), आणि युरोचं €. एप्सिलॉनचा गोंधळ समजण्यासारखा आहे, कारण पेआनो या इटालियन गणितज्ञाने १८८९ साली हे चिन्ह वापरलं तेव्हा ते एप्सिलॉनच होतं, ‘आहे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दाचं पहिलं अक्षर. पण आज युनिकोडमध्ये एप्सिलॉन हे अक्षर आहे आणि ∈ हे क्रियाचिन्ह. दोघांच्या आजूबाजूची जागा, ओळ तोडण्याचे नियम, बोलक्या वाचकाचा (स्क्रीन रीडरचा) उच्चार, सगळं वेगळं. युरोचं कारण साधं आहे: मोबाइलच्या कीबोर्डवर ∈ नाही आणि € आहे. मधल्या दोन रेघा दिसल्या की ते युरो, ∈ची आडवी रेघ एकच. रिक्त संचाच्या बाबतीतही हेच होतं. ∅ऐवजी ग्रीक फाय टाकलेल्या प्रश्नपत्रिका सर्रास दिसतात. हाताने लिहिताना चालून जातं, छापील नोट्समध्ये चालू देऊ नये असं माझं मत.

कुठलं अक्षर पडलंय याची शंका आली तर वर्डमध्ये कर्सर त्याच्या लगेच उजवीकडे ठेवा आणि आल्ट-एक्स दाबा. जागेवर कोड उमटतो. २२०८ आलं तर बरोबर. पुन्हा आल्ट-एक्स दाबलं की चिन्ह परत. हीच कळ लिहायलाही: २२०८ टाइप करायचं, आल्ट-एक्स, झालं. वर्डमध्ये आणि लिबरऑफिसमध्ये दोन्हीकडे चालतं.

यात दोन ठिकाणी हमखास अडकायला होतं. पहिलं, आकडे इंग्रजीच हवेत. कीबोर्ड मराठीवर असला आणि देवनागरी अंक उमटले तर वर्ड त्यांना कोड समजत नाही. तो फक्त शेवटचा ८ उचलतो आणि त्याचा स्वतःचा कोड दाखवतो, ०९६ई. ओळीत ‘२२०’ आणि पुढे इंग्रजीत ०९६ई असं विचित्र काही दिसलं तर समजा की भाषा बदलायची राहिली. दुसरं, आल्ट-एक्स मागे मागे जात कोडमध्ये बसेल ते सगळं गोळा करतो. सोळामान पद्धतीत ए ते एफ ही अक्षरंही अंकच असल्यामुळे, चलाचं नाव इंग्रजी ए असेल आणि त्याला चिकटून २२०८ लिहिलं, तर तो ए-२२०८ असा पाच अंकी कोड वाचतो आणि भलतंच काही येतं. एक्स, वाय ही चलं असली तर ही अडचण येत नाही. उपाय: मध्ये जागा सोडा, किंवा फक्त २२०८ एवढंच निवडून मग कळ दाबा.

रोज पन्नास वेळा लागणार असेल तर कोड पाठ करण्यापेक्षा वर्डची गणिती ऑटोकरेक्ट सोय चालू करा. फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स, मॅथ ऑटोकरेक्ट, आणि तिथे सर्वांत वरची ‘गणिती भागाबाहेरही वापरा’ ही खूण. मग उलटी तिरकी रेघ, लगेच इंग्रजीत आय-एन आणि स्पेस मारली की ∈ येतं. आय-एनच्या आधी एन-ओ-टी जोडलं तर ∉. सी-यू-पी म्हणजे ∪, सी-ए-पी म्हणजे ∩. बोटांना सवय व्हायला फार वेळ लागत नाही.

इन्सर्ट-सिम्बॉल ही खिडकी मात्र जपून वापरा. तुमच्या प्रेसमधल्या चौकोनाचं मूळ मला तिथेच दिसतंय. या खिडकीत फाँटच्या जागी पुष्कळदा ‘सिम्बॉल’ नावाचा जुना फाँट निवडलेला असतो. त्यातलं ∈ दिसायला अगदी खरं, पण ते २२०८ नसतं. त्या फाँटमध्ये ∈ची जागा २०६ आहे, आणि वर्ड ती युनिकोडच्या खासगी पट्ट्यात एफ०सीई अशी ठेवतो. खासगी पट्ट्यातल्या क्रमांकाला ठरलेला अर्थच नाही. सिम्बॉल फाँट जिथे लागू आहे तिथे ∈, फाँट बदलला की चौकोन, आणि काही प्रोग्रॅममध्ये टोपीवाला इंग्रजी आय, कारण पाश्चात्त्य कोडमध्ये २०६ म्हणजे तोच. खिडकी वापरायचीच असेल तर फाँट ‘नॉर्मल टेक्स्ट’ ठेवा, खालच्या कोडच्या चौकटीत २२०८ लिहा आणि शेजारी ‘युनिकोड’ आहे ना हे पाहा. आधीच्या नोट्समधली खोटी चिन्हं काढायला त्यातलं एक कॉपी करून शोधा-बदलाच्या वरच्या चौकटीत पेस्ट करा, खालच्या चौकटीत खरं ∈ ठेवा आणि सगळीकडे बदला.

फाँटबद्दल जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण ओळ फाकण्याची तुमची तक्रार इथलीच, आणि चिन्ह बारीक दिसतं ही नेहमी ऐकू येणारी तक्रारही इथलीच. मंगल फाँटमध्ये देवनागरी आहे, श्रुतीमध्ये गुजराती आहे, ∈ दोघांतही नाही. मग वर्ड आपल्या मनाने दुसरा फाँट आणतो, बहुतेक वेळा कॅम्ब्रिया मॅथ. हा फाँट समीकरणांसाठी बनवलेला, त्याची स्वतःची उंची-खोली प्रचंड. साध्या ओळीत त्याचं एक अक्षर जरी आलं तरी ओळ त्याच्या मापाने ताणली जाते. तुमच्या ओळी लांब पडतात त्या यामुळे. चिन्हाला सेगो यूआय सिम्बॉल लावा, ओळ जागेवर येते. विंडोजबाहेर देजावू सान्स किंवा नोटो सान्स मॅथ. फाँट बदलायचाच नसेल तर परिच्छेदाचं ओळअंतर ‘एक्झॅक्टली’ करून आकडा द्या: १४ पॉइंटच्या देवनागरीला २० किंवा २१ पॉइंट. त्याखाली गेलात तर दोन मात्रा आणि खालचा दीर्घ उकार छाटले जातील.

बारीक दिसण्याचं कारण वेगळं. वर्ड एकाच मजकुरासाठी वेगवेगळे फाँट आणि आकार लक्षात ठेवतो, एक इंग्रजीसाठी, एक आपल्या लिप्यांसाठी. देवनागरी आणि गुजराती ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’च्या खान्यात जातात, ∈ इंग्रजीच्या खान्यात. तुम्ही मराठी निवडून आकार १४ केलात तर चिन्ह ११वरच राहू शकतं. कंट्रोल-डी दाबून फाँटची पूर्ण खिडकी उघडा आणि दोन्ही खान्यांत १४ भरा. आणि तुमच्यासाठी आणखी एक: मराठी-गुजरातीसाठी खाना एकच आहे, म्हणून तिथे मंगल किंवा श्रुतीपेक्षा निर्मला यूआय ठेवा. त्यात दोन्ही लिप्या आहेत, म्हणजे ‘संच’ आणि त्याखालचा गुजराती ‘गण’ एकाच वजनाचे दिसतील.

सगळी चिन्हं एकेक करून निवडायची गरज नाही. ‘गणितचिन्ह’ नावाची कॅरेक्टर स्टाइल बनवा, तिला सेगो यूआय सिम्बॉल द्या. शोधा-बदलामध्ये वाइल्डकार्ड चालू करून वर चौकोनी कंसात [∈∉∪∩⊂⊆∅] लिहा, खाली ^& लिहून फॉरमॅटमधून ती स्टाइल निवडा. एका फेरीत सगळी फाइल होते. देवनागरी शिरोरेषेला लटकते आणि ∈ इंग्रजी अक्षरांच्या पातळीवर बसतं, त्यामुळे ‘क्ष ∈ अ’ लिहिलं की चिन्ह किंचित खाली सरकल्यासारखं वाटतं. स्टाइलमध्येच अॅडव्हान्स्ड टॅबवर अर्धा ते एक पॉइंट वर उचलता येतं. शिकवणीच्या नोट्सना इतकं करायची गरज नाही. पुस्तक छापत असाल तर करा.

ओळीच्या शेवटी ‘क्ष’ वर आणि ‘∈ अ’ खाली असं तुटतं ते टाळायला चिन्हाच्या दोन्ही बाजूंना न तुटणारी जागा टाका: कंट्रोल-शिफ्ट-स्पेस.

वर्डच्या समीकरण-चौकटीत लिहायचं की साध्या मजकुरात? एका ओळीतलं ‘क्ष ∈ अ’ साध्या मजकुरातच ठेवा. महिरपी कंस, अटी, खाली-वर आकडे आले की चौकट घ्या, पण तिच्यात मराठी शब्द कोंबू नका. ‘जेथे क्ष ही सम संख्या आहे’ हे चौकटीबाहेर. जुन्या नोट्समध्ये इक्वेशन एडिटर ३.०ची समीकरणं असतील तर ती आता वर्डमध्ये पूर्वीसारखी बदलता येत नाहीत. सुरक्षेच्या कारणाने मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१८च्या अपडेटमध्ये तो काढून टाकला. ती मॅथटाइपमध्ये उघडून बदला, नाहीतर पुन्हा लिहा.

आता प्रेस. शक्यतो वर्डची फाइल देऊच नका, पीडीएफ द्या. पीडीएफ झाल्यावर रीडरमध्ये कंट्रोल-डी, फाँट्सचा टॅब, आणि प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड सबसेट’ आहे ना ते बघा. प्रेसवाला इनडिझाइनमध्ये मजकूर ओततो असं असेल तर लक्षात ठेवा, वर्डसारखा परस्पर दुसरा फाँट लावायची सवय इनडिझाइनला नाही. देवनागरी फाँटमध्ये ∈ नसलं की तो गुलाबी पट्टीतला चौकोन दाखवून मोकळा होतो. त्याला सांगा की परिच्छेदाच्या स्टाइलमध्ये ग्रेप स्टाइल घाल, वर दिलेली कंसातली चिन्हं आणि त्यांना गणिती फाँटची कॅरेक्टर स्टाइल. एकदाच करायचं काम आहे.

प्रेस अजून पेजमेकरवर असेल तर गोष्ट वेगळी. पेजमेकरला युनिकोड कळत नाही. तिथे मजकूर कन्व्हर्टरने जुन्या मराठी फाँटमध्ये नेला जातो आणि ∈ वाटेत गळतं किंवा भलतंच अक्षर होऊन येतं. अशा वेळी तो मघाचा सिम्बॉल फाँटच कामाचा, कारण तिथे दुसरा रस्ता नाही. फाँट सिम्बॉल करून आल्ट धरून उजवीकडच्या आकड्यांवर ०२०६ दिलं की ∈. २०७ला ∉, १९८ला ∅, १९९ला ∩, २००ला ∪, २०४ला ⊂ आणि २०५ला ⊆. ही यादी ऑपरेटरला कागदावर लिहून द्या आणि तुमच्या मूळ प्रतीत चिन्हांवर पिवळा रंग मारा, म्हणजे प्रूफ तपासताना नजर तिथेच जाईल.

एक्सेलमध्ये आल्ट-एक्स चालत नाही. २०१३पासून यू-एन-आय-सी-एच-ए-आर हे फंक्शन आहे, त्याला ८७१२ दिलं की ∈ मिळतं. नाहीतर वर्डमधून पेस्ट करा. तुमचं प्रश्नचिन्ह सेव्ह करताना येतंय. यादीत दोन सीएसव्ही असतात, साधी ‘कॉमा डिलिमिटेड’ आणि ‘सीएसव्ही यूटीएफ-८’. साधी निवडली की ∈ तर जातंच, मराठी मजकुराचीही प्रश्नचिन्हं होतात. उघडतानाही सीएसव्हीवर डबल-क्लिक न करता डेटा मेनूतून ‘फ्रॉम टेक्स्ट’ने आणा आणि ६५००१ यूटीएफ-८ निवडा. जुन्या संगणकावरचं नोटपॅड वापरत असाल तर सेव्ह करताना खाली एन्कोडिंग बघायची सवय ठेवा. विंडोज १०च्या २०१९मधल्या १९०३ आवृत्तीपासून ते आपोआप यूटीएफ-८ झालं, त्याआधी आन्सी (विंडोजचा जुना कोड) असायचं.

शिकवणीची वेबसाइट असेल तर पानावर थेट ∈ टाका आणि पान यूटीएफ-८ ठेवा. एडिटर त्रास देत असेल तर अँपरसँड, आय-एस-आय-एन आणि अर्धविराम असा एचटीएमएल कोड द्या. वास्तव संख्यांच्या संचासाठी दुहेरी रेघेचा आर (२११डी) चालतो. पण मजकूर ‘सुंदर’ करून देणाऱ्या साइटवरून उचललेला तिरपा गणिती एक्स घेऊ नका. तो १डी४६५ वर आहे, यूटीएफ-८मध्ये चार बाइटचा, आणि मायएसक्यूएल या डेटाबेसच्या जुन्या तीन-बाइटी ‘यूटीएफ-८’ रचनेत तो साठवलाच जात नाही. ∈ तीन बाइटचं असल्यामुळे तिथेही निभावतं.

मुलांच्या मोबाइलचं काम सोपं आहे. जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डच्या सेटिंगमध्ये डिक्शनरी, पर्सनल डिक्शनरी, भाषा निवडा, अधिकचं चिन्ह. वरच्या ओळीत ∈ पेस्ट करायचं, खाली शॉर्टकट म्हणून एखादा छोटा शब्द, मराठीत ‘घआ’ किंवा इंग्रजीत आय-एस-आय-एन. तो टाइप केला की वरच्या पट्टीत ∈ सुचतं. मराठी आणि इंग्रजी दोन्ही कीबोर्डसाठी नोंद वेगळी करावी लागते. ∅साठी एवढंही नको, इंग्रजी कीबोर्डवर शून्य दाबून धरलं की ते मिळतं. आयफोनवर हीच सोय ‘टेक्स्ट रिप्लेसमेंट’ नावाने आहे. एसएमएसने सूचना पाठवत असाल तर ∈मुळे खर्च वाढेल ही भीती मराठी मेसेजला नाही. देवनागरीमुळे तो आधीच १६०वरून ७० अक्षरांवर आलेला असतो.

विद्यापीठातले विद्यार्थी लाटेक (आज्ञा लिहून गणित जुळवायची प्रणाली) वापरतात, त्यांच्यासाठी एवढंच. पीडीएफलाटेक थेट टाकलेलं ∈ नाकारतो आणि तसं सांगतो, हे बरं. झीलाटेक मात्र मजकुराच्या फाँटमध्ये चिन्ह नसलं तर ते गाळतो, पीडीएफ तरीही तयार होते, आणि ‘मिसिंग कॅरॅक्टर’ ही तक्रार लॉगच्या गर्दीत सहज नजरेआड होते. देवनागरीसाठी झीलाटेक पुष्कळजण वापरतात, तेव्हा चिन्ह नेहमी डॉलरच्या खुणांमध्ये, गणिती आज्ञेनेच लिहावं.

शेवटी ∉चं एक. त्याचं एकसंध अक्षर २२०९ आहे, पण ∈ आणि त्यावर तिरकी रेघ (०३३८) अशा दोन तुकड्यांतही ते लिहिता येतं, आणि युनिकोडच्या लेखी दोन्ही समान आहेत. काही प्रोग्रॅम मजकूर आपोआप तुकड्यांत मोडतात. मग छपाईत रेघ बाजूला सरकते, आणि त्याहून वाईट म्हणजे ∈ शोधून काही बदललंत तर ∉मधलं ∈ही बदललं जाऊ शकतं, म्हणजे विधानाचा अर्थच उलटतो. म्हणून छापायला देण्याआधी पीडीएफमधलं प्रत्येक प्रकारचं एक चिन्ह कॉपी करून वर्डमध्ये पेस्ट करा आणि आल्ट-एक्स दाबा. ∉वर ०३३८ आलं तर ते दोन तुकड्यांतलं आहे: दोन्ही तुकडे पुसा, २२०९ नव्याने टाका आणि पीडीएफ पुन्हा काढा.